उलटं ठिगळ

चष्मेवाल्याचं नाक थोरल्याने फोडलं ते बगळ्यावरून. फोडण्याआधी त्याने चष्मेवाल्याचा चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि जपून खिडकीत ठेवला, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. तत्त्वाचं भांडण असलं की माणसं अशी जबाबदारीने वागतात.

तत्त्व असं होतं. शहराच्या फुटबॉल क्लबची जर्सी कित्येक वर्षं एकच कंपनी शिवत आली होती. छातीवर एका पायावर उभा असलेला बगळा, आणि कापड एवढं जाड की पावसात भिजलं की बचावफळीतले गडी दुसरा हाफ चालतच खेळायचे. तरी ती आपली होती. मग एक दिवस क्लबच्या वरच्या लोकांनी जाहीर केलं, की यापुढे जर्सी नवी कंपनी देणार. नव्या कंपनीची खूण म्हणजे वर तोंड केलेला बाण, लिफ्टच्या दाराशेजारी असतो तसला. शेवाळी हिरवा रंग जाऊन त्याच्या जागी आला तो जरासा पोपटी. ‘जरासा’ हा शब्द उच्चारल्याबद्दल एका नळदुरुस्तीवाल्याची बरगडी मोडली.

तेव्हापासून पाठीराख्यांचे दोन तट पडले, बगळेवाले आणि बाणवाले. बाणवाल्यांचं म्हणणं होतं की नवं कापड हलकं आहे, घाम टिपतं, श्वास घेतं.

“कापडाला श्वास कशाला लागतो?” फुलवाला विचारायचा. “श्वास आतल्या माणसाने घ्यायचा असतो.” आणि समोरच्याचा गळा धरून तो काही वेळ बंद करून दाखवायचा.

फुलवाला हा थोरल्याचा शाळेपासूनचा मित्र. दिवसभर गुलाबाचे काटे काढत बसणारा, लग्नाच्या गुच्छाला रिबीन बांधताना डोळ्यांत पाणी येणारा, आणि पाठीराख्यांच्या सभेत उजवा गुद्दा असा मारणारा, की खाणाऱ्याला आधी फुलांचा वास यायचा आणि मग काहीच यायचं नाही.

सभा भरायच्या धाकट्याच्या कारखान्यात. धाकटा म्हणजे थोरल्याचा पाठचा भाऊ. लोकांचे सोफे उसवायचे, आतल्या स्प्रिंगा आणि पट्टे बदलायचे, नवा फोम घालून कापड चढवायचं, हा त्याचा धंदा. वय पन्नाशीला टेकलं होतं, गुडघे कुरकुरायचे, पण थोरला असेपर्यंत धाकट्याला दुसरं नाव मिळायचा प्रश्नच नव्हता. त्याने जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. लहानपणी त्याच्या वाट्याचा मार खायचं आणि द्यायचं, दोन्ही खाती थोरल्याकडे होती.

सभेला ही जागा सोयीची होती. मारामारीत कोसळणारा माणूस सहसा कुठल्यातरी सोफ्यावरच कोसळायचा. काही काही गिऱ्हाइकांचे सोफे तर दुरुस्तीला येऊन दुप्पट मोडून बसले होते. त्यांना धाकटा सांगायचा, “आतली लाकडं बघितली, फारच खराब निघाली हो.”

पहिल्याच सभेत चार जण दवाखान्यात गेले तेव्हा पंचांनी एक नियम घातला. पंच म्हणजे निवृत्त रेफरी, सभेचे कायमचे अध्यक्ष. दृष्टी जवळजवळ गेलेली होती, पण शिट्टी शाबूत होती. मैदानाच्या कोपऱ्यात रोवतात तो छोटा झेंडा कुणीतरी पूर्वी उपटून आणला होता. पंचांनी ठरवलं, की हा झेंडा ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, आणि झेंडा हातात असेपर्यंत त्याला कुणी मारायचं नाही. नियम सर्वांनी काटेकोर पाळला. परिणाम एवढाच झाला, की झेंडा सोडायला कुणी तयार होईना. एकेक जण पाठीचा कणा मोडेपर्यंत बोलायचा, कारण नाहीतर तो दुसऱ्या कुणीतरी मोडला असता. झेंडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जो निमिषभर मोकळा असायचा, तेवढ्यात सगळी मारामारी उरकून घ्यावी लागे. माणसं त्या कलेत तरबेज झाली.

सभा धाकट्याकडे भरायचं खरं कारण मात्र वेगळं होतं. मोठी जर्सी त्याच्याकडे असायची.

मोठी जर्सी म्हणजे अर्धा स्टँड झाकेल एवढं कापड. घरच्या मैदानावर सामना असला की पाठीराखे ती डोक्यांवरून उलगडत खालपर्यंत न्यायचे. ती सगळी ठिगळांची होती. क्लबचा एखादा पाठीराखा वारला की त्याच्या जर्सीचा हातभर तुकडा कापून तिच्यात शिवायचा, आणि शिवायचा तो धाकट्याने. तो तुकडा माणसाने शेवटच्या वेळी अंगात घातलेल्या जर्सीचाच हवा. हा नियम थोरल्याचा.

त्यांचे वडील गेले ते अंथरुणात, औषधाचे आणि सूपचे डाग पडलेल्या जर्सीत. मंडळींनी सुचवलं, की धुतलेली एखादी द्या ना, शोभेल. थोरला म्हणाला, “ज्यात गेले तीच लागेल.” मंडळींना पटलं नाही. मग धाकटा मोठ्या जर्सीवर गुडघे टेकून शिवायला बसला आणि थोरला त्याच्या दोन्ही बाजूंना पाय फाकून, त्याच्या डोक्यावर छपरासारखा उभा राहिला. ती मारामारी धाकट्याने पाहिली नाही, मान खाली होती. ऐकली मात्र सगळी. वरून अधूनमधून थोरल्याचा आवाज यायचा, “झालं का रे?” आणि धाकटा म्हणायचा, “एक बाजू राहिली.” एवढं सुरक्षित त्याला पुन्हा कधी वाटलं नाही.

तो थोरला बुधवारी पहाटे बेकरीत कामावर, पीठ मळायच्या यंत्रापाशी उभ्याउभ्या गेला. निम्म्या शहराला दोन वर्षं घाम गाळून जो आडवा करता आला नव्हता, त्याला त्याच्याच हृदयाने एका फटक्यात आडवा केला.

अंत्ययात्रेला दोन्ही तट आले. फुलवाल्याने पांढऱ्या फुलांचा पुरुषभर उंच बगळा केला होता. चष्मेवाला हळूच म्हणाला, की बगळा जरा बदकासारखा दिसतोय. अंत्ययात्रा थोडा वेळ थांबवावी लागली.

शुक्रवारी दुपारी वहिनी कारखान्यात आल्या. थोरल्याची बायको दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. सभेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात गर्दी व्हायची, त्यामुळे पाठीराख्यांना त्या चेहऱ्यापेक्षा दातांनी जास्त ओळखायच्या. “काल तुमच्या फुलवाल्याची खालची दाढ आली होती,” असं सांगायच्या, जशी काही दाढ एकटीच आली होती.

“भाऊजी, दार लावून घ्या,” त्या म्हणाल्या.

धाकट्याने दार लावलं. वहिनींनी इस्पितळातून मिळालेली पिशवी टेबलावर उपडी केली. पायमोजे निघाले, पट्टा निघाला, पिठाने पांढरा झालेला सदरा निघाला, आणि त्याच्या आत घातलेली एक हिरवी जर्सी. तिच्या शिवणी बाहेरून होत्या. धाकट्याने ती सवयीने सुलटी केली. छातीवर बाण होता.

धाकटा खाली बसला. खाली सोफ्याचा नुसता सांगाडा होता, स्प्रिंग बोचली, पण तो उठला नाही.

“कुणाची आहे ही?”

“यांचीच. मी आणली होती.”

“दादा ही घालायचा?”

“भट्टीसमोर उभं राहून पाठ सोलून निघायची हो. ती बगळ्याची जर्सी म्हणजे पोतं नुसतं. पुरळ आलेलं पाठभर. रात्री उताणं झोपता यायचं नाही. मी म्हटलं, ही आत घाला, कोण बघतंय? तर खिडकीतून फेकून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच जाऊन उचलून आणली. म्हणाले, उलटी घालीन. उलटी घातली तर ती घातली असं होत नाही.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष.”

धाकट्याने मनात हिशेब केला. “म्हणजे चष्मेवाल्याचं नाक…”

“तेव्हाही आत हीच होती,” वहिनी म्हणाल्या. “घरी येऊन म्हणाले, आज हात चांगला सुटला, काखेत काचत नाही.”

दोघंही हसले. मग वहिनींचं हसणं वेगळीकडे वळलं आणि धाकटा टेबलावरचे खिळे उगाच डबीत भरत राहिला.

“हीच लावायची, भाऊजी,” डोळे पुसून त्या म्हणाल्या. “बाबांच्या वेळी सगळ्यांशी भांडले होते ना, ज्यात गेला तीच म्हणून? आता त्यांच्याच वेळी दुसरी लावली तर मला त्या मैदानाचं पुन्हा नावही घ्यायचं नाही. घरात बगळ्याच्या सात पडल्यात. त्यांतली एकही त्यांच्या अंगात नव्हती.”

“मारतील वहिनी,” धाकटा म्हणाला.

“हो,” वहिनी म्हणाल्या. दातांच्या दवाखान्यात काम करणारी माणसं दुखणार नाही असं सांगून मोकळी होतात. वहिनींनी तेही सांगितलं नाही.

शनिवारी फुलवाला आला, ठिगळ कुठे लावणार ते विचारायला. जर्सी टेबलावरच होती. त्याने ती पाहिली, बाण पाहिला, आणि विचारलं, “ही कुठल्या हरामखोराची?”

धाकट्याने सांगितलं.

फुलवाल्याने आधी शेजारच्या खुर्चीचा हात उपटला. तेवढ्याने भागलं नाही म्हणून दुसराही उपटला. मग धाकट्याला गळ्याला धरून उभं केलं, भिंतीवरच्या कापडाच्या ताग्यांवर टेकवलं आणि रडायला लागला. रडताना पकड सैल झाली नाही.

“खोटं बोलतोस.”

धाकट्याला खरं किंवा खोटं काहीच बोलता येत नव्हतं.

“ऐक धाकट्या,” फुलवाल्याने त्याला खाली सोडलं आणि आपल्या अंगातली बगळ्याची जर्सी डोक्यावरून ओढून काढली. आत उघडं अंग, काट्यांचे ओरखडे. “ही घे. आमचं दोघांचं एकच माप. ही लाव, ती जाळ. कुणाला कळायचं नाही.”

“दादाला कळेल,” धाकटा खोकत म्हणाला.

“तो मेलाय!”

“बाबांच्या वेळी बाबाही मेले होते.”

फुलवाल्याला यावर काही सुचलं नाही, आणि सुचलं नाही की तो नेहमी जे करायचा ते त्याने केलं. धाकटा गादीच्या काथ्यात तोंडावर पडला. दारातून फुलवाला उघड्या अंगाने ओरडला, “उद्या सभेत हे कापड दिसलं, तर तुला त्याच्याच शेजारी शिवीन!”

रविवारी दुपारी कारखाना खच्चून भरला. मधल्या मोकळ्या जागेत मोठी जर्सी घड्या घालून पसरली होती, वडिलांचं डागाळलेलं ठिगळ वर येईल अशी. त्याशेजारी धाकट्याने जागा मोकळी सोडली होती. टेबलावर थोरल्याच्या जर्सीचा हातभर तुकडा, छातीकडचा, उलटा करून ठेवला होता. वहिनी दाराशी उभ्या होत्या. माणसं त्यांच्यासमोरून जाताना तोंड मिटून घेत होती.

पंचांनी शिट्टी वाजवली. “विषय एकच. थोरल्याचं ठिगळ. झेंडा कुणाला?”

झेंडा फुलवाल्याने हिसकावला. “थोरला बगळेवाला होता. पुढे बोलायची गरज नाही,” असं म्हणून तो पुष्कळ बोलला. तेवढ्यात चष्मेवाला टेबलापाशी सरकला. त्याने तो तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला, पालटला. त्याच्या वाकड्या नाकाखाली हसू असं पसरत गेलं की मागच्या लोकांनाही दिसलं.

“बाण!” तो किंचाळला. “थोरला आमचा होता!”

“झेंडा नसताना बोलायचं नाही,” पंच म्हणाले.

“वहिनी, खरं सांगा. माझं नाक फोडलं तेव्हा…”

“आत हीच होती,” वहिनी दारातून म्हणाल्या.

चष्मेवाल्याने आपलं नाक हाताने चाचपलं. वर्षभर ज्याची लाज वाटत होती तो अवयव एकाएकी आपल्याच पक्षाच्या माणसाने दिलेला ठरला होता. तो आवेशाने पुढे झाला, फुलवाल्याच्या हातातला झेंडा त्याने ओढला, आणि झेंडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जे व्हायचं ते झालं. फुलवाल्याने त्याच्या पोटात गुडघा घातला. एका बाणवाल्याने फुलवाल्याच्या कानावर लाकडी हातोडा मारला. नळदुरुस्तीवाला, जो आता कट्टर बगळेवाला झाला होता, स्प्रिंगांच्या ढिगावरून उडी मारून एकाच्या छाताडावर बसला, आणि पंच अंदाजाने शिट्टी वाजवत ज्याच्यावर आपटतील त्याला काठीने हाणत होते. झेंडा चष्मेवाल्याच्या हाती पक्का आला तेव्हा सगळे थांबले. एकाच्या भुवईतून रक्त गळत होतं, ते त्याने गिऱ्हाइकाच्या मखमलीला पुसलं.

“आमची मागणी साधी आहे,” चष्मेवाला धापा टाकत म्हणाला. “तुकडा मोठ्या जर्सीच्या छातीवर, मधोमध. सुलटा. बाण वर. पूर्ण स्टेडियमला दिसला पाहिजे.”

“जाळा ते!” बगळेवाले ओरडले.

“मधोमध!” बाणवाले ओरडले.

तेव्हा धाकटा पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. दोन वर्षांत तो झेंडा त्याने फक्त झाडताना उचलला होता. चष्मेवाला एवढा चकित झाला की त्याने तो निमूट देऊन टाकला, आणि सगळेच चकित झाल्यामुळे त्या निमिषात कुणी कुणाला मारलं नाही. असं पहिल्यांदाच घडलं.

“दादा ही उलटी घालायचा,” धाकटा म्हणाला. “उलटीच लागेल. बाण खाली, शिवणी वर. बाबांच्या शेजारी. मधोमध नाही न् जाळायचीही नाही. ज्यात गेला तीच, आणि जशी घालायचा तशी. झालं माझं.”

बगळेवाल्यांनी विचार केला: बाण दिसणार नाही हे खरं, पण कापड त्या हरामखोर कंपनीचंच. बाणवाल्यांनी विचार केला: कापड आपलं हे खरं, पण बाण जमिनीकडे तोंड करून? हा तर उघड अपमान. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं. ते धाकट्याभोवती गोळा झाले.

झेंडा त्याच्या हातात होता, म्हणून कुणी त्याला स्पर्श केला नाही. सगळे नुसते उभे राहिले.

“बोल ना,” फुलवाला म्हणाला. “किती वेळ बोलशील?”

“माझं झालं म्हटलं ना.”

“मग ठेव झेंडा.”

धाकट्याने हातातल्या झेंड्याकडे पाहिलं, टेबलावरच्या वाकड्या सुईकडे पाहिलं. सोफ्याचं शिवण एका हाताने होत नाही. एका हाताने कापड ताणायचं असतं, दुसऱ्याने सुई ओढायची. त्याने एकदा वर, छताकडे पाहिलं. वर छप्पर होतं, पण ते पत्र्याचं. मग त्याने झेंडा भिंतीला टेकवून ठेवला, पडणार नाही याची खात्री केली, तुकडा आणि सुई घेतली, आणि मोठ्या जर्सीवर गुडघे टेकले.

पहिला टाका बिनबोभाट पडला. धाकट्याला मारायची कुणाला सवय नव्हती, सुरुवात कुणी करायची याबद्दल संकोच होता. “आधी तुम्ही,” असं चष्मेवाला फुलवाल्याला म्हणाल्याचंही सांगतात. मग नळदुरुस्तीवाल्याने त्याच्या कमरेत लाथ घातली, आणि संकोच गेला.

धाकट्याने मान खाली घातली. पाठीवर गुद्दे पडत होते. त्याने मेणाचा दोरा ओढला, गाठ बसवली, सुई पुन्हा खुपसली. कुणीतरी पॉलिशला ठेवलेला खुर्चीचा पाय त्याच्या खांद्यावर मोडला. त्याने पहिली बाजू संपवली आणि कापड फिरवलं. कानाखाली बूट बसला, तेव्हा सुई अंगठ्याच्या नखाखालून आरपार गेली. त्याने ती दातांनी ओढून काढली आणि त्याच ओघात टाका घातला. दुसरी बाजू शिवताना चष्मेवाल्याने त्याचे केस धरून तोंड जमिनीवर आपटलं. एक दात सुटला आणि वडिलांच्या ठिगळावर जाऊन पडला, औषधाच्या डागाशेजारी. धाकट्याने तो उचलून खिशात टाकला. रक्त नाकातून गळत होतं आणि हिरव्यावर पडून तपकिरी होत होतं, सूपसारखं. तिसऱ्या बाजूला त्याला एका डोळ्याने दिसेनासं झालं. बोटांना दिसत होतं.

“उठ ना रे!” कुणीतरी रडकुंडीला येऊन ओरडलं. “मार तरी एखादी!”

“एक बाजू राहिली,” धाकटा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

फुलवाल्याने तोपर्यंत दोनच लाथा मारल्या होत्या, पण दोन्ही बरगडीत आणि मनापासून. आता त्याने बाकीच्यांना बाजूला लोटलं, खाली वाकला, आणि ठिगळ उपटून काढायला उघड्या शिवणीत बोटं घातली. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. उलट्या शिवणीच्या दुमडीत पीठ वाळून बसलं होतं, मळलेलं, बोटांनी न निघणारं. फुलवाल्याने ते नखाने खरवडलं. नाकाजवळ नेलं.

पहाटे तो दुकान उघडायचा तेव्हा थोरला बेकरीतून घरी जाताना गरम पाव दारातून त्याच्या अंगावर फेकायचा. चुकवला तर शिव्या द्यायचा. बुधवारपासून फुलवाला दार उघडून उगाच बाजूला होत होता.

तो तसाच वाकलेला राहिला. धाकट्याने चौथ्या बाजूचे टाके संपवले, गाठ मारली आणि कात्री चाचपली. ती लाथेने कुठेतरी गेली होती. त्याने दोरा दाताने तोडायला तोंडाशी नेला, पण जिथे दात हवा होता तिथे तो नव्हता. दोरा नुसता हिरड्यांवरून घसरला.

फुलवाल्याने खिशातून देठ कापायची सुरी काढली आणि दोरा कापला. जवळून, सफाईने, गुलाबाचा कापतात तसा.

“झालं का रे?” त्याने विचारलं.

“झालं,” धाकटा म्हणाला.

फुलवाला उठून उभा राहिला, आणि वळून त्याने चष्मेवाल्याला अशी एक ठेवून दिली, की तो तीन आसनी सोफ्याच्या तिन्ही आसनांवर एकदम पडला. चष्मा काढून ठेवायचं या वेळी राहून गेलं. सभा पूर्ववत सुरू झाली. पंचांनी त्या गदारोळातच जाहीर केलं, की यापुढे सुई हातात असलेल्यालाही मारायचं नाही. पुढच्या सभेला निम्मी माणसं सुई घेऊन आली आणि जखमींचा आकडा दुप्पट झाला, पण ते नंतरचं.

वहिनींनी धाकट्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. रविवारी दवाखाना बंद असतो, पण किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी त्याला खुर्चीत आडवा केला, वरचा दिवा लावला, आणि तोंड उघडायला सांगितलं.

“आ करा. अजून. देवा रे.” त्यांनी चिमट्याने कापसाचा बोळा हिरडीत बसवला. “दात कुठाय?”

धाकट्याने खिशातून काढून दिला. वहिनींनी तो उजेडात फिरवून पाहिला, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसा. “मूळ शाबूत आहे. डॉक्टरांना फोन करते, बसला तर बसेल. बरगडीचं मात्र आमच्याकडे काही होत नाही.”

त्यांनी दात दुधाच्या वाटीत टाकला, फोन केला, आणि परत येऊन धाकट्याच्या भुवईवरचं रक्त पुसू लागल्या. मग वहिनींचा हात थांबला.

“भाऊजी, मी काय म्हणते,” त्या म्हणाल्या. “झेंडा गुडघ्यांत धरून शिवता आलं असतं की.”

धाकटा वरच्या दिव्याकडे बघत होता. उघड्या राहिलेल्या एका डोळ्यात तो मावत नव्हता. त्याने कापूस जिभेने बाजूला सारला.

“सुचलं होतं,” तो म्हणाला.

वहिनींनी कापूस परत जागेवर बसवला आणि जरा जास्तच जोरात दाबला.